मे महिना, ४५ डिग्री आणि २१ परफेक्ट कातडी

२ मे २०२४ ला शाळेला सुट्टी लागली आणि मी गावी आले, यावल तालुक्यात. खान्देशातला मे ज्यांनी पाहिला नाहीये त्यांच्यासाठी सांगते, सकाळी ११ ते संध्याकाळी साडेपाच घराबाहेर पडायचंच नाही, खिडक्यांना ओले पडदे, कूलर फुल, आणि माणसं गुरांसारखी सावलीला पडलेली. अशा साडेसहा तासांचं करायचं काय हा दरवर्षीचा प्रश्न असतो. यंदा धाकट्या भावाचा कॉम्प्युटर घरी होता, कारण तो पुण्याला नोकरीला लागल्यावर लॅपटॉपवर भागवतोय. तर मी ठरवलं की त्याने वर्षभर माझं डोकं खाल्लेला तो काऊबॉयचा गेम, रेड डेड रिडेम्पशन २, एकदा खेळून बघू.

आणि त्यात मी जे काही केलं ते म्हणजे स्टोरी सोडून एक झोळा शिवून घेतला. एक झोळा. त्याला महिना लागला. हे लिहितेय कारण मला सुरुवातीला काहीच कळत नव्हतं आणि जे व्हिडिओ होते त्यात सगळे इतके भराभर बोलतात की आपण कुठे चुकतोय तेच समजत नाही.

आधी इन्स्टॉलचं. गेमला डिस्कवर १५० जीबी मोकळी जागा लागते, हे आधी बघून घ्या. भावाने कॉम्प्युटर फॉरमॅट करून दिला होता म्हणजे सगळं परत डाऊनलोड. आमच्या इंटरनेटला त्याला दोन रात्री आणि एक दुपार लागली, मध्ये लाईट तीनदा गेली पण डाऊनलोड जिथे थांबलं तिथूनच पुढे चालू होतं, त्यामुळे घाबरू नका. मग स्टीमचं (जिथून गेम विकत घेतला ते ऑनलाइन दुकान) लॉगिन, त्याचा कोड भावाच्या मोबाईलवर, भाऊ ड्युटीवर. तो आला की गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीचा वेगळा लाँचर (गेम सुरू करायचं सॉफ्टवेअर), त्याचं वेगळं लॉगिन, त्याचा कोड ईमेलवर, तो ईमेल भावाने कॉलेजात असताना काढलेला आणि पासवर्ड विसरलेला. शाळेची ऑनलाइन माहिती भरायची सवय असल्यामुळे मला यात काही नवीन वाटलं नाही, चहा ठेवला आणि वाट बघत बसले. ५ मेला रात्री गेम सुरू झाला. पैशांचं म्हणाल तर त्याने सेलमध्ये घेतलेला, हजार-अकराशेला, पूर्ण किंमत देऊ नका, सेल वर्षातून बऱ्याचदा लागतो.

गेम घडतो १८९९ साली, अमेरिकेत. (तेव्हा आपल्याकडे जळगाव-धुळे वेगळे जिल्हेच नव्हते, सगळा मिळून एक खान्देश, दोन तुकडे १९०६ ला झाले. आणि १८९९ म्हणजे छप्पन्याच्या दुष्काळाचं साल. मास्तरकी सुटत नाही, सॉरी.) आपण आर्थर मॉर्गन नावाचा दरोडेखोर, टोळीबरोबर पळत असतो. पहिला चॅप्टर सगळा बर्फात आहे आणि तो टाळता येत नाही, दोन-तीन तास जातात. लोक त्याला रटाळ म्हणतात. मी बाहेर ४३-४४ डिग्री असताना ते हिमवादळ बघत होते, मला तरी ते फार आवडलं. यातच चार्ल्स नावाचा सोबती धनुष्यबाणाने हरीण मारायला शिकवतो, ते मन लावून करा, पुढे सगळं त्याच्यावरच आहे.

दुसऱ्या चॅप्टरला टोळी हॉर्सशू ओव्हरलुक नावाच्या डोंगरकड्यावर तळ ठोकते. तिथे पीअरसन म्हणून स्वयंपाकी आहे, तोच कातडी घेऊन पिशव्या शिवून देतो, पण लगेच नाही. आधी तळाची हिशोबाची वही उघडली पाहिजे, ती स्टोरीतली काही कामं झाल्यावर उघडते, मग त्या वहीतून २२५ डॉलर भरून त्याच्यासाठी चामड्याच्या कामाची हत्यारं मागवायची. मला हे माहीतच नव्हतं. मी दोन दिवस त्याच्याकडे मेलेली जनावरं नेऊन टाकत होते आणि तो ती घेऊन रस्सा करत होता.

आता मुख्य गोष्ट, झोळ्याचं नाव लेजंड ऑफ द ईस्ट. यात प्रत्येक वस्तू ९९ पर्यंत मावते, साध्या पिशवीत फारच थोडं मावतं आणि सारखं टाकत बसावं लागतं. पण तो थेट मिळत नाही. त्याआधी सहा पिशव्या करायच्या, प्रत्येकीला तीन कातडी, मग सातवा हा. म्हणजे एकूण २१, आणि सगळी परफेक्ट, तीन चांदण्यांची, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची. माझ्या जुन्या टाचणवहीच्या मागच्या पानावर मी यादी केली ती अशी होती: हरणी ७ (प्रत्येक पिशवीला एक लागतेच), एल्क (मोठ्या जातीचं हरीण) २, मग शिंगवाला बक, बॅजर, खार, पँथर, बायसन, रॅकून, रानडुक्कर, इग्वाना, बीव्हर, ससा, कूगर आणि लांडगा एकेक.

इथेच पहिला घोळ. यादीत डिअर आणि बक वेगळे आहेत. डिअर म्हणजे बिनशिंगाची मादी, बक म्हणजे नर. मी पहिल्या दिवशी दोन बक आणले आणि डिअरचा आकडा काही पुढे सरकेना. वर प्रॉन्गहॉर्न म्हणून एक प्राणी आहे तो लांबून हरणासारखाच दिसतो, तो या यादीत नाहीच, त्याच्या मागे एक अख्खी दुपार गेली. दुर्बीण लावून नाव वाचल्याशिवाय बाण सोडू नका, एवढं जरी या लिखाणातून घेतलं तरी तुमचा माझ्यापेक्षा कमी वेळ जाईल.

दुर्बिणीतूनच चांदण्या दिसतात. एक, दोन किंवा तीन. तीनवालं जनावर शोधायचं आणि त्याला योग्य हत्याराने एका फटक्यात मारायचं, शक्यतो डोक्यात. दोन गोळ्या लागल्या की चांदणी गेली. चुकीची बंदूक वापरली, गेली. कोणत्या जनावराला कोणतं हत्यार हे त्या जनावराचा दुर्बिणीतून अभ्यास केला की गेमच्या माहितीकोशात येतं. ससा, रॅकून, बॅजर यांना बारकी वार्मिंट रायफल, ती व्हॅलेंटाइन नावाच्या गावातल्या बंदूकवाल्याकडे विकत मिळते. खारीला तर तीसुद्धा नाही, तिला बारक्या जनावरांचा वेगळा बाण, तो आपणच बनवायचा, साधा बाण, शॉटगनचं एक काडतूस आणि पक्ष्याचं पीस घालून. मोठ्यांना रायफल.

आता घरातली अडचण सांगते. आमचं घर माळकरी. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि हॉलमध्ये नात मोठ्या स्क्रीनवर हरणाचं कातडं ओढून काढतेय. आणि या गेममध्ये ते दाखवतात हो, अगदी सुरी घालण्यापासून, आवाजासकट. पहिल्यांदा आजीने बघितलं तेव्हा ती पाण्याचा तांब्या घेऊन चालली होती, तिथेच थांबली.

"माह्या गयात तुयस अन् डोयासमोर हे काय दाखोते वं?"

मी म्हणलं आजी खोटं आहे. ती म्हणे खोटं हाये तं रगत कशाले दाखोतात. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी तह असा झाला की हरिपाठाच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी सात ते आठ, गेम बंद, आणि कातडं काढताना मी स्क्रीनसमोर उशी धरायची. मी खरंच धरत होते. महिनाभर.

८ आणि ९ मेला हरणी दोन झाल्या. १० मेला आखाजी. आत्याच्या मुली माहेरी आलेल्या, सकाळी झोके, दुपारी सांजोऱ्या आणि आमरस, आणि मग सगळ्या त्या कूलरच्या खोलीत माझ्यामागे येऊन बसल्या. सात बायका मागून सांगतात तेव्हा शिकार होत नाही. एक म्हणते मार, एक म्हणते थांब, एक विचारते याचं लग्न झालंय का (आर्थरचं). पण त्या दिवशी एक झालं, आजी खाटेवर बसून बघायला लागली आणि तिला चांदण्यांचा हिशोब समजला. मी एका हरणीवर नेम धरला तशी मागून आवाज आला, "त्याले दोनच चांदण्या हायेत. जाऊ दे त्याले."

बरोबर होतं. मी बाण उतरवला. हरणी चरत निघून गेली. आजी इतकी खूश झाली की बस. तेव्हापासून तिचं कामच ते झालं, दोन चांदण्यांची जनावरं सोडायला लावणं. आणि खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकारात नेम धरणं सोपं आहे, सोडणं अवघड आहे. तासभर घोडं फिरवून एक जनावर दिसतं, दोन चांदण्यांचं, आणि वाटतं मारूया, काहीतरी तर मिळेल. काही मिळत नाही, उलट गोळीच्या आवाजाने आजूबाजूची तीन चांदण्यांची पळून जातात. मी आजी नसताना असं कितीदा केलं ते वहीत लिहिलेलं नाही.

११ ते १४ गेम नाही, कारण इलेक्शन ड्युटी. १२ ला साहित्य घ्यायचं, १३ ला मतदान, आमचे जळगाव आणि रावेर दोन्ही मतदारसंघ त्याच दिवशी. १४ ला पहाटे घरी आले आणि संध्याकाळपर्यंत झोपले.

१५ पासून जोर लावला. एल्क कंबरलँड फॉरेस्टमध्ये मिळतो, व्हॅलेंटाइनच्या वर उत्तरेला. १६ ला रात्री पहिला तीन चांदण्यांचा एल्क एका गोळीत पडला, आणि मी आनंदाने ते कातडं घोड्यावर टाकून व्हॅलेंटाइनला गेले, तिथल्या खाटकाकडे, आणि विकलं. विकून पैसे आले तेव्हा मी विचार करतेय की आता पीअरसनकडे याची नोंद कुठे दिसेल. नाही दिसत. खाटकाकडे विकलेलं गेलं ते गेलं. पिशव्यांसाठी लागणारं प्रत्येक कातडं पीअरसनच्या गाडीपर्यंत नेऊन त्याच्या यादीत दान म्हणूनच द्यायचं. नकाशावर ट्रॅपर म्हणून अजून एक माणूस दिसतो, तो कपडे वगैरे शिवतो, या पिशव्यांशी त्याचा संबंध नाही. सरकारी भाषेत सांगायचं तर अर्ज योग्य टेबलावरच दिला पाहिजे, दुसऱ्या टेबलावर पोच मिळेल पण काम होणार नाही.

एल्क परत मारायला दोन दिवस. याच काळात आबांची मदत झाली. आबा आता ७८ चे आहेत, तरुणपणी सातपुड्याच्या पायथ्याला ज्वारी राखायला माळ्यावर रात्र काढलेले. ते दारातून बघत होते, मी घोडा दामटत जनावरांच्या कळपाकडे जायचे आणि कळप पळायचा, चार वेळा झालं. मग म्हणाले, "वारं कोन्या अंगानं हाये ते पाह्य आधी. तुह्या पाठीकून वारं असलं तं ते जनावर तुले पाह्याच्या आधी वासानं वयखते." मला वाटलं गेममध्ये वारं कुठलं. तर आहे हो! वाऱ्याची दिशा धरून जनावराला खरोखर वास लागतो, त्यासाठी अंगाला चोळायचं वास लपवायचं औषधपण मिळतं. गवत कुठे झुकतंय बघायचं, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जायचं, घोडं लांब सोडायचं आणि वाकून चालत जायचं. आणि नेम धरल्यावर जनावराला हाक मारायचं बटण आहे, हाक मारली की ते मान वर करून क्षणभर थांबतं, तोच क्षण. आबांना हे सांगितलं तर म्हणाले आम्हीबी तसंच करायचो, तोंडाने आवाज काढायचा, डुक्कर थबकतं. (मारायचो नाही, हाकलायचो, असं त्यांनी लगेच जोडलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरचं सगळं ते जपूनच बोलतात.)

१८ ला एल्क, बक, हरणी पूर्ण, पहिली पिशवी झाली, औषधांची. पुढच्या तीन दिवसांत खार, बॅजर, हरणी, दुसरी झाली. बॅजर खाली ऱ्होड्स गावाच्या बाजूला संध्याकाळनंतर फिरतो. ससा सगळीकडे असतो आणि तरीही मला तो चौथ्या प्रयत्नात मिळाला, कारण दोन वेळा तो माझ्याच घोड्याच्या पायाखाली आला. लहान जनावरं दिसली की घोड्यावरून उतरा. रॅकून रात्री. बायसन हार्टलँड्सच्या माळावर कळपाने असतात, त्याला काही कौशल्य लागत नाही, मोठं धूड, चांगली रायफल, डोक्यात एक. मला ते मारताना मात्र बरं वाटलं नाही. खऱ्या अमेरिकेत तोवर कोट्यवधी बायसन मारून शेकड्यांवर आणून ठेवले होते, आणि गेममध्येही ते त्या एका माळावरच उरल्यासारखे दिसतात. आजीने त्या दिवशी उशी मागितली नाही, उठूनच गेली.

२३ मे, बुद्धपौर्णिमा. दुपारी रानडुक्कर मिळालं, तीन चांदण्या, बाण बरोबर, कातडं घोड्यावर, आणि लाईट गेली. गेम आपोआप सेव्ह होतो पण त्याला वाटेल तेव्हा, आणि माझा शेवटचा सेव्ह डुकराच्या आधीचा निघाला. मी रडले नाही पण जेवलेही नाही. दुसऱ्या दिवशी जळगावला जाऊन यूपीएसची बॅटरी बदलून आणली, ९०० रुपये. दहा मिनिटं चालतो, तेवढी पुरतात. तुमच्याकडे लोडशेडिंग असेल तर बंदुकीआधी यूपीएस घ्या. आणि प्रत्येक कातड्यानंतर स्वतःच्या हाताने सेव्ह, तेही दोन वेगवेगळ्या जागी आलटून पालटून. अजून एक आमच्या घरचा प्रॉब्लेम असा की इन्व्हर्टरवर कूलर आणि कॉम्प्युटर एकत्र चालत नाही, एकाची निवड करावी लागते. २५-२६ मेच्या सुमारास पारा ४५ च्या वर होता तेव्हा मी कूलर निवडला. माझी तेवढी भक्ती नाही.

२७ ला इग्वाना. तो फक्त फ्लॅट आयर्न तलावातल्या एका बेटावर सहज सापडतो, क्लेमेन्स कोव्हच्या पश्चिमेला. होडी शोधून वल्हवत जायचं. बेटावर खूप इग्वाना आहेत, निवडून घेता येतात, अर्ध्या तासात काम झालं. सगळ्यात सोपं. हे आधी करा म्हणजे उमेद येते. मी मुद्दाम मागे ठेवलं होतं कारण होडी चालवायची भीती वाटत होती, कशाला ते मलाच माहीत नाही.

आता पँथर. हे जरा सविस्तर सांगते.

पँथर दक्षिणेला लेमॉइनच्या दलदलीकडच्या जंगलात असतो, ब्रेथवेट मॅनरच्या पलीकडे, बोल्जर ग्लेडच्या आसपास. आपल्याला वाटतं आपण त्याला शोधतोय. तसं नसतं. आधी घोडा बिचकतो, कान मागे टाकतो, मागे सरकतो, आणि मग तुमच्या हातात दोन सेकंद असतात. पहिल्या दिवशी, २८ ला, मी पाच वेळा मेले. पाचही वेळा तो मागून आला. एकदा तर मी दुर्बिणीतून दुसरंच काहीतरी बघत होते. मेल्यावर गेम बराच लांब आणून सोडतो, परत घोड्यावरून तिथवर जायला दहा मिनिटं, परत मरायला दोन सेकंद. आजी प्रत्येक वेळी "आरं देवा" म्हणायची, आणि मला कळेना की हे आर्थरसाठी आहे की पँथर वाचला म्हणून.

२९ ला एकदा तो मिळाला, मी घाबरून तीन गोळ्या घातल्या, एक चांदणी. ३० ला दिसलाच नाही. मग भावाला फोन केला. तो म्हणाला ताई तू त्याच्या घरात जाऊन त्याला शोधतेयस, त्याला तुझ्याकडे बोलव. म्हणजे मांसाहारी जनावरांचं आमिष मिळतं किंवा बनवता येतं, ते मोकळ्या जागेत ठेवायचं, आपण पाठीला मोठा खडक घेऊन बसायचं, आणि डेड आय (म्हणजे वेळ संथ करण्याची शक्ती) भरून ठेवायची, टॉनिक पिऊन. ३१ मेला सकाळी साडेपाचला उठले, तेव्हा घर थंड असतं आणि मागे कुणी बोलत नाही. आमिष ठेवलं. खडकाला पाठ लावली. चौथ्या खेपेला तो आला, झाडीतून आधी नुसतं गवत हललं. डेड आय, रोलिंग ब्लॉक रायफल, कानाच्या थोडं पुढे. पडला. मी दुर्बीण लावून आधी चांदण्या मोजल्या, तीन. कातडं काढलं. लगेच सेव्ह केलं. मग घोड्यावरून हळूहळू, रस्त्याने, रेल्वेच्या रुळांपासून लांब, तळापर्यंत अर्धा तास. तो अर्धा तास मला पँथरपेक्षा जास्त भीती वाटली. पीअरसनला कातडं दिलं तेव्हा आबा शेतातून परत येत होते, साडेसात झाले होते, आणि मला कुणालातरी सांगायचं होतं पण सांगायचं काय, की मी बिबट्या मारला? आमच्या वर सातपुड्यात यावल अभयारण्यात खरे बिबटे आहेत, केळीच्या बागेत कधी पायाचे ठसे दिसले की मजूर आठवडाभर पहाटे पाणी द्यायला जात नाहीत. मी गप्प चहा केला.

पुढचं लवकर झालं. डुक्कर परत मिळालं. बीव्हर ओवन्जिला तलावावर, स्ट्रॉबेरी गावाच्या पश्चिमेला, तिथे त्यांचा बांधच आहे. तिथे जवळच एक लेजंडरी (म्हणजे अख्ख्या गेममध्ये एकच असलेला खास) बक पण आहे, त्याच्या शिंगांपासून चोरीचा माल घेणारा माणूस एक ताईत बनवून देतो, त्याने चांगल्या दर्जाचं कातडं मिळायची शक्यता वाढते. मला हे १ जूनला कळलं, १९ कातडी झाल्यावर. तुम्ही सगळ्यात आधी हे करा, माझ्या नशिबी नव्हतं.

४ जूनला मतमोजणी. घरातले सगळे टीव्हीला चिकटलेले, शेजारचेही, आणि मी आत एकटी डायब्लो रिजवर कूगरच्या मागे. पँथरसाठी जे शिकले तेच इथे लागू पडलं, आमिष, खडक, थांबणं. बाहेर कुणाची तरी लीड तुटली म्हणून आरडाओरडा झाला त्याच क्षणी कूगर उडी घेत होता, माझा हात हलला, तरी गोळी डोक्यात लागली. नशीब.

राहिला लांडगा. बिग व्हॅलीत टोळीने येतात, त्यामुळे अडचण वेगळी: ज्याला तीन चांदण्या आहेत तो सोडून बाकीचे अंगावर येतात आणि त्या गडबडीत त्याच्यावरच दुसरी गोळी जाते. कोयोटला लांडगा समजून मारला तेही एकदा झालं. शेवटी एक बारकी युक्ती सापडली, घोड्यावरून न उतरता मोठ्या दगडावर चढायचं, तिथून निवांत बघायचं. ६ जूनला रात्री पावणेअकराला तो मिळाला. सातवी हरणी आधीच दिलेली होती.

तळावर पोचले तेव्हा गेममध्ये पहाट होती, सगळे झोपलेले, पीअरसन नेहमीसारखा भाजी चिरत. कातडं दिलं, यादी उघडली, सातवी ओळ उजळली होती, दाबलं. एक छोटा आवाज आला आणि झोळा झाला. ना गाणं, ना कुणी काही बोललं. आर्थरच्या कमरेला थोडी मोठी पिशवी दिसते, बस.

हिशोब विचारणाऱ्यांसाठी: स्टीमवर ६४ तास दिसतात, त्यातली पन्नासेक तरी शिकारीची असतील. बॅटरी ९००. मेचं वीजबिल मागच्या महिन्यापेक्षा बरंच जास्त आलं पण ते कूलरवर ढकललं. स्टोरी अजून दुसऱ्या चॅप्टरलाच आहे, भाऊ हसतोय. तो सहाव्यापर्यंत गेलेला, पण त्याच्याकडे अजून साधीच पिशवी आहे.

आजी जागी होती. काय झालं विचारलं, मी दाखवलं, म्हणलं आता यात प्रत्येक गोष्ट ९९ मावते. तिने थोडा वेळ बघितलं. "९९ काय ठेवशीन?" मी यादी उघडली, तेव्हा माझ्याकडे दोन डबे पीच, एक पाव आणि तीन गाजरं होती. ती हसायला लागली, मीपण. मग म्हणाली ते गाजर घोड्याले दे, महिनाभर पयतंय बिचारं. दिलं. तेवढ्यात यूपीएस बीप करायला लागला, म्हणजे लाईट गेली होती आणि आम्हाला कळलंच नव्हतं. दोन्ही जागी सेव्ह केलं, बंद केलं, आणि खाटा अंगणात काढल्या.